आवाज दोन्हीकडून आला पाहिजे

ओमती, जबलपूर

चि. सोनू,


दवाखान्याच्या बारा फोनांचं काम तू अंगावर घेतलंस आणि त्यासाठी ॲस्टेरिस्क हे एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर निवडलंस, हे वाचून फार बरं वाटलं. १९९९ साली मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याला आपल्या छोट्या धंद्यासाठी एक्स्चेंज हवं होतं. विकतचं परवडेना, म्हणून त्याने स्वतः लिहिलं आणि सगळ्यांना खुलं केलं. इथल्या रिज रोडच्या टेलिफोन ट्रेनिंग सेंटरात आम्ही जुन्या एक्स्चेंजमधल्या सिलेक्टरच्या खटखटीवरून बिघाड ओळखायला शिकलो. तुझं एक्स्चेंज मुकं आहे. म्हणून कन्सोल उघडा ठेव आणि सुरुवातीचे कॉल तिथे ओळीओळीने वाच.

डेबियन १२ या लिनक्समध्ये ॲस्टेरिस्क तयार मिळत नाही, सोर्स आणून बांधावं लागेल. आवृत्ती सम आकड्याची घे, २० किंवा २२. त्यांना जास्त वर्षं दुरुस्त्या मिळतात. लागणारी पॅकेजेस आधी, मग कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. जुन्या नमुन्यांत फोन जोडायचं चॅन-सिप हे मॉड्यूल दिसेल, पण २१ पासून ते काढून टाकलंय. थेट त्याच्या जागी आलेलं पीजेसिप शीक.

इथवर तू सहज येशील. खरी परीक्षा पुढे आहे. डॉक्टरांच्या घरचा फोन वाजेल, ते उचलतील, पण त्यांचं बोलणं दवाखान्यात काहीच ऐकू येणार नाही. घंटीचा निरोप सिपने ५०६० पोर्टवरून जातो, बोलणं मात्र आरटीपीच्या वेगळ्या वाटेने, नमुना फायलीप्रमाणे १०००० ते २०००० मधल्या कुठल्यातरी पोर्टवरून. राउटरमागचा सर्व्हर आपला घरातला पत्ता, तो १९२.१६८ वाला, बाहेर सांगत बसतो आणि पलीकडचा आवाज त्या पत्त्यावर निघून हरवतो. बाहेरचा पत्ता आणि आतलं नेटवर्क, दोन्ही पीजेसिपच्या फायलीत लिही, राउटरमध्ये ते पोर्ट सर्व्हरकडे वळव. मग दोन्ही टोकांना माणूस बसवून बोलायला लाव. नुसती घंटी ऐकून काम झालं म्हणू नकोस. रात्री दोनला रोग्याच्या घरचं माणूस बोलत असेल आणि इकडे शांतता असेल, तर त्याला तुझा पोर्ट काय कळणार?

आणखी एक. एक्स्टेंशन १०१ चा पासवर्ड १०१ ठेवशील तर एका रात्रीत परदेशी कॉलचं बिल दवाखान्याच्या माथी बसेल. लांब, अर्थहीन पासवर्ड ठेव, आणि ५०६० सगळ्या जगाला उघडा ठेवू नकोस.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक्स्चेंजच्या फ्रेमवरची तारांची एक जोडी बदलली आणि रजिस्टरात नोंदवली नाही. माझा सोबती ती रात्रभर शोधत होता. ती रात्र मला अजून टोचते. तू बदललेली प्रत्येक ओळ तारखेसह वहीत लिही आणि वही सर्व्हरशेजारीच ठेव. तिचं पहिलं पान मला उतरवून पाठव. मी वाट पाहतोय.

तुझा
काका