तड्यावर गिलावा हा उपाय नव्हे

तुळईला तडा दिसला की त्यावर गिलावा ओढून रंग द्यायचा, ही आपली जुनी सवय. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याच्या सुमारे एक दशांशच. म्हणून तर त्यात सळई घालतात. केसासारखा तडा जाणे हा दोष नव्हे. सळईने ताण पेलण्यास आरंभ केल्याची ती खूण असते. भारतीय मानक ४५६ सर्वसाधारणतः ०.३ मिलिमीटर रुंदी ग्राह्य धरते.

पाहावे ते तड्याच्या जागेकडे व दिशेकडे. तुळईच्या मध्यभागी तळातून उभा चढणारा तडा वाकण्याचा. आधाराजवळचा तिरपा तडा अधिक भयावह, कारण अशी तुळई फारशी सूचना न देता तुटते. सळईच्या लांबीने धावणारा तडा बहुधा गंजाचा : गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो व काँक्रीट फोडतो.

स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नजवळच्या इबाख पुलाच्या ताणलेल्या पोलादी तारा छिद्र पाडताना तुटल्या. १९९१ मध्ये तेथे कार्बन-तंतूंच्या पट्ट्या डकवल्या. १७५ किलो पोलादाचे काम अवघ्या ६.२ किलोंनी केले. मात्र गंजाने सुटलेल्या काँक्रीटवर डकवलेली पट्टी त्याच्यासह गळून पडते. आधी सळई स्वच्छ करावीच लागते.

वसतिगृहाच्या छताखाली मुले झोपतात. तेथील तडा तिरपा किंवा गंजाचा असेल, तर प्रथम खाटा हलवाव्यात व अभियंत्यास बोलवावे. बारीक, उभा असेल, तर टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि दरमहा पाहावे.