शिरपूर धुळ्यात, मग पिन ४२५ चा का?

प्रश्न : मी महाविद्यालयात आवक-जावक सांभाळतो. विद्यापीठासारख्या ठिकाणी टपालासाठी नव्याने खण करायचे झाले, तर ते जिल्ह्यांप्रमाणे करावेत की पिनकोडप्रमाणे? शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण पिन ४२५ ने सुरू होतो. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, त्याचा मात्र ४२४! हा घोळ कशामुळे?
– एक वाचक, धुळे

उत्तर : घोळ पिनकोडचा नाही. आपण त्यात महसुली जिल्हा शोधतो, तिथे गडबड होते. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून टपालाच्या सॉर्टिंगचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक पत्र वाटणाऱ्या पोस्टाचे असतात. हा सॉर्टिंगचा जिल्हा कलेक्टर कचेरीच्या हद्दीशी जुळलाच पाहिजे, असे बंधन नाही.

आता खान्देशातले पिन रेल्वेच्या नकाशावर मांडून पाहा. जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या ताप्ती लाइनवर अमळनेर (४२५४०१), शिंदखेडा (४२५४०६), दोंडाईचा (४२५४०८) आणि नंदुरबार (४२५४१२) ओळीने लागतात. शिरपूरला (४२५४०५) रूळ नाहीत, पण जवळचे नरडाणा स्टेशन याच लाइनवर आहे. दुसरीकडे धुळ्याचा (४२४००१) फाटा चाळीसगावला (४२४१०१) मुंबई-भुसावळ मार्गाला मिळतो, आणि त्याच मार्गावर पुढे पाचोरा (४२४२०१) आहे. एकेकाळी टपालाचे सॉर्टिंग आरएमएसच्या (रेल्वे मेल सर्व्हिस) डब्यात, धावत्या गाडीतच चाले. तेव्हा पत्र कोणत्या जिल्ह्याचे, यापेक्षा ते कोणत्या लाइनचे, हे महत्त्वाचे.

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण खात्यातले हे मराठी अधिकारी संस्कृत कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, नाना लिप्या आणि चुकीची स्पेलिंगे यांतून वाट काढायला अंक बरे पडले. पिन आला तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी ४२५४१२ तसाच राहिला.

तुमच्या खणांचे उत्तर यातच आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये जोडलेली आहेत. अशा ठिकाणी पोस्टाने जाणाऱ्या टपालाला ४२४, ४२५ आणि 'बाहेरगाव' असे तीन मोठे खण पुरतात. मग ४२४ व ४२५ चे गठ्ठे शेवटच्या तीन अंकांच्या चढत्या क्रमाने लावायचे. जिल्ह्याचे खण केलेत, तर शिरपूरचे पत्र धुळ्याच्या गठ्ठ्यात जाईल आणि पोस्टात कुणाला तरी ते पुन्हा वेगळे काढावे लागेल.

शिपाई किंवा गाडी पाठवून हातोहात पोचवायच्या टपालाला मात्र हा नियम लावू नका. ते तालुक्याप्रमाणे, गाडीच्या वाटेने लावा. आत आलेले टपाल आवक नोंदवहीत चढवून थेट विभागवार खणांत टाका, तिथे पिनचे काही काम नाही.

एक पथ्य पाळाच : महाविद्यालयांच्या पत्त्यांची यादी संगणकात ठेवताना पिनसाठी वेगळा रकाना करा. तो गावाच्या नावाला चिकटवून टाइप केला, तर पिनच्या क्रमाने यादी लागणार नाही आणि नवे खण असूनही सॉर्टिंग जुन्याच पद्धतीने, एकेक पाकीट वाचत करावे लागेल.