लघवीची वाट पाहताना

मी किडनीविकारतज्ज्ञ आहे. मृत दात्याची किडनी बसवल्यावर पहिले काही आठवडे रुग्ण आमच्या नजरेखाली असतो, आणि नव्या अवयवाने वाटेत काय काय सोसलंय ते त्या दिवसांत हळूहळू उघड होतं. अवयवदानाचा विषय निघाला की आपण दात्याच्या कुटुंबाच्या मोठ्या मनाबद्दल बोलतो, ग्रीन कॉरिडॉरमधून धावणाऱ्या रुग्णवाहिकेबद्दल बोलतो. बोलायलाच हवं. पण त्याच तासांत अवयवाच्या आत पेशी मरत असतात. वॉर्डात वर्षानुवर्षं हे पाहताना जे मनाशी पक्कं झालं, ते इथे लिहितो आहे.

१. इजा दात्याच्या आयसीयूतच सुरू होते

मेंदूचं काम कायमचं थांबताना शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनचा लोंढा उसळतो. रक्तदाब भयंकर चढतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि मग दाब कोसळतो. लघवीवर ताबा ठेवणारं संप्रेरक बंद पडल्यामुळे लिटरच्या लिटर लघवी होते, रक्तातलं सोडियम वाढतं, अंग गार पडतं. दाह वाढवणारी रसायनं रक्तात फिरू लागतात. किडनी अजून जागच्या जागी असते, पण दुखावलेली असते.

१९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या समितीने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू निश्चित करायचा असतो. पुढे नातेवाइकांचा निर्णय, अपघात असेल तर पोलिसांचे सोपस्कार. यातलं काहीही घाईने उरकता येत नाही, आणि घरच्यांना तर त्यांचा वेळ मिळालाच पाहिजे. म्हणूनच त्या तासांत दात्याचा रक्तदाब सांभाळणारी, सोडियम पुन्हा पुन्हा तपासायला पाठवणारी, अंगावर गरम पांघरूण घालणारी सिस्टर माझ्या लेखी प्रत्यारोपणाच्या टीममधली पहिली व्यक्ती आहे. बातमीत तिचं नाव येत नाही. यायला हवं.

२. बर्फ पेशींचं मरण लांबवतो, टाळत नाही

पेशीच्या आवरणावर सोडियम बाहेर फेकणारे पंप असतात. रक्त थांबलं की ऑक्सिजन संपतो, ऊर्जा संपते, पंप बंद पडतात. सोडियम आत शिरतं, त्यामागून पाणी शिरतं, आणि पेशी फुगायला लागते. चार अंश तापमानाला पेशीची भूक नेहमीच्या साधारण एक दशांशावर येते, म्हणून वेळ मिळतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी १९८० च्या दशकात एक द्रावण तयार केलं. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, आणि पेशीत सहज न शिरणाऱ्या साखरेसारखे मोठे रेणू घातलेले, म्हणजे पाणी बाहेरच राहील. या द्रावणामुळे यकृत रात्रभर टिकवणं शक्य झालं.

तरी घड्याळ चालूच राहतं. हृदयाला चार ते सहा तास, फुप्फुसांना सहा ते आठ, यकृताला साधारण बारा. किडनी चोवीस तास, क्वचित त्याहून अधिक तग धरते, आणि तिच्या या सोशिकपणाचाच लोक फायदा घेतात. ‘अजून वेळ आहे’ हे वाक्य मला आवडत नाही. प्रत्येक वाढीव तासाची किंमत कुठली तरी पेशी मोजत असते.

३. रक्त परत येतं तेव्हा मोठा घाव बसतो

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. सर्जन क्लॅम्प सोडतात, करडी पडलेली किडनी गुलाबी होते, सगळ्यांचे चेहरे खुलतात. आत मात्र वेगळंच घडत असतं. रक्ताविना गेलेल्या तासांत पेशीतल्या मायटोकाँड्रियांजवळ सक्सिनेट नावाचा पदार्थ साठलेला असतो. ऑक्सिजन येताच तो भडाभडा जळतो आणि त्यातून ऑक्सिजनचे विषारी रेणू तयार होतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून ही साखळी उलगडून दाखवली. कॅल्शियम आत घुसतं, मायटोकाँड्रियाच्या भिंतीला भोकं पडतात, आणि ज्या पेशी बर्फातून जगून आल्या त्यातल्या कित्येक रक्ताचा पहिला घोट मिळाल्यावर मरतात. बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजतं, पांढऱ्या पेशी तिथे चिकटून बसतात, त्यामुळे मोठ्या धमनीत रक्त खेळत असूनही काही कोपरे उपाशीच राहतात. रक्ताशिवाय जायचंच, तर ते तास मुळात कमी असावेत, यावर माझा सगळा जोर का असतो ते यावरून लक्षात येईल.

४. पेशी कशी मरते यावर पुढचं बरंच अवलंबून असतं

केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ मध्ये अपोप्टोसिसचं वर्णन केलं. त्यात पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात, गवगवा होत नाही. नेक्रोसिसमध्ये मात्र भांडं फुटावं तशी पेशी फुटते आणि आतला मालमसाला सांडतो. रोगप्रतिकारशक्तीला ही धोक्याची घंटा वाटते. ती धावून येते, तिला परका अवयव दिसतो, आणि रिजेक्शनची तयारी सुरू होते. जर्मनीतल्या वॉल्टर लँड यांच्या गटाने १९९४ मध्ये, रक्तप्रवाह सुरू करताना विषारी ऑक्सिजन निष्प्रभ करणारं एन्झाइम दिलेल्या किडनीरुग्णांत रिजेक्शन कमी झाल्याचं दाखवलं. ते औषध रोजच्या वापरात आलं नाही, विचार मात्र टिकला.

‘मॅचिंग किती टक्के आहे?’ हा प्रश्न मला रोज विचारला जातो. त्यावर मी पॉल तेरासाकी यांच्या गटाची १९९५ ची अमेरिकी आकडेवारी सांगतो. पती किंवा पत्नीने दिलेल्या किडन्या मॅचिंगच्या हिशेबात कमीच होत्या, तरी तीन वर्षांनी त्यातल्या ८५ टक्के चालू होत्या. मृत दात्यांच्या ७० टक्के. फरक मुख्यतः इजेचा होता. बायकोची किडनी शेजारच्या थिएटरमधून थेट येते.

५. लघवी झाली नाही म्हणजे किडनी गेली असं नाही

ऑपरेशन होऊन चार दिवस झालेत, पिशवीत जेमतेम तळ झाकेल एवढी लघवी, आणि डायलिसिस पुन्हा सुरू. मुलगा दारात गाठून विचारतो, “सर, खरं सांगा, फुकट गेली का?” मी त्याला बसवून समजावतो. किडनीतल्या नलिकांच्या अस्तराच्या पेशी मेल्या आहेत, त्यांचा गाळ नलिकांत अडकला आहे. पण ज्या पेशी वाचल्या त्या चपट्या होऊन पसरतात, रिकामी जागा झाकतात, मग विभागतात आणि नवं अस्तर उभं करतात. याला एक-दोन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. हृदयाच्या स्नायूला हे जमत नाही, किडनीला जमतं, आणि इतकी वर्षं पाहूनही मला त्याचं अप्रूप वाटतं.

वाट पाहायची ती डोळे उघडे ठेवून. सोनोग्राफीत रक्तप्रवाह बघायचा, डायलिसिसमध्ये रक्तदाब घसरू द्यायचा नाही, आणि आठवडाभरात चिन्ह दिसेना तर बायोप्सी करायची, कारण झोपलेल्या किडनीत रिजेक्शन लपून बसू शकतं. बायोप्सीला नातेवाईक घाबरतात. मी मात्र आग्रह धरतो.

६. मशीन हवीत

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत ३३६ दात्यांची एक किडनी बर्फात आणि दुसरी थंड द्रावण खेळवणाऱ्या पंपावर ठेवली होती. बर्फातल्या ८९ किडन्या उशिरा चालू झाल्या, पंपावरच्या ७०. आपल्याकडे बहुतेक किडन्या अजून बॉक्समधूनच येतात. खर्च मोठा आहे हे मान्य, पण डायलिसिसचे ज्यादा दिवस आणि लांबलेला मुक्कामही हिशेबात धरा.

७. यादीत नाव असलेल्यांना

वाटेतले तास तुम्हीही वाचवू शकता. फोन रात्री बंद ठेवू नका. घरातले आणखी दोन नंबर समन्वयकांकडे देऊन ठेवा. सोलापूर, साताऱ्याकडून येणार असाल तर गाडी कोणाची, चालवणार कोण, हे आजच ठरवा. क्रॉसमॅचसाठी रक्ताचा नमुना मागितला की त्याच दिवशी पोचवा. ताप, खोकला, नुकतंच घेतलेलं रक्त, काहीही लपवू नका, नाहीतर थिएटरच्या दारातून परत जावं लागतं आणि किडनी दुसऱ्याची वाट पाहत बर्फात पडून राहते. आणि बोलावणं आलं की शेवटचं डायलिसिस कधी झालं ते फोनवरच सांगा, म्हणजे आधी डायलिसिस लागणार असेल तर मशीन तुमच्यासाठी तयार ठेवता येतं.