आधी वायर काढ

जालना,
वैशाख

चि. बाळास,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा तू घाईत होतास. स्टुडिओवाल्याची पोर्टेबल डिस्क टेबलावर, आत तीन लग्नांचं शूटिंग, डिस्कमधून टकटक आवाज, आणि तू विचारलंस, "मामा, झाकणाला कुठला स्क्रू ड्रायव्हर लागतो?" मी एवढंच म्हणालो की वायर काढ आणि आता हात लावू नकोस. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तुझी आई उद्या परतूरला परत निघतेय, तिच्यासोबत हे पत्र देतोय. दुकान नवं आहे, लगीनसराई आहे, अशा डिस्क तुझ्याकडे येतच राहणार.

माझं मुख्य म्हणणं आधी सांगतो. डिस्क बिघडते तेव्हा आतला डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो. तो जातो त्यानंतरच्या तासा-दोन तासांत, आणि तोही मदत करायला बसलेल्या माणसाच्या हातून. मालक चार वेळा लावून बघतो, त्याचा मेहुणा एकदा बघतो, मग ती दुकानात येते आणि दुकानदार आणखी दहा वेळा लावतो. या साखळीत तू शेवटचा असशील, पण ती तोडणारा तू असायला हवंस.

टकटक म्हणजे काय होतं ते समजून घे, म्हणजे हात आपोआप मागे येईल. आत आरशासारख्या चकत्या असतात, प्लॅटर. पीसीतली डिस्क मिनिटाला बहुधा ७,२०० फेरे घेते, लॅपटॉपची आणि पोर्टेबल बहुधा ५,४००. ७,२०० च्या वेगाला साडेतीन इंची डिस्कच्या चकतीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पळते. हेड त्या चकतीला टेकत नाही, फिरण्यातून तयार होणाऱ्या हवेच्या थरावर ते तरंगतं, आणि मधलं अंतर असतं मोजक्या नॅनोमीटरचं. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. डिस्क पडली, हेड वाकलं किंवा कमजोर झालं, की त्याला चकतीवरच्या खुणा वाचता येत नाहीत. ते मागे जातं, पुन्हा येतं, पुन्हा चुकतं. तोच आवाज तुला ऐकू येतो. अशा वेळी हेड चकतीला घासलं तर वरचा चुंबकीय थर खरवडून निघतो आणि त्याची भुकटी आतच फिरत राहते. खरवडलेल्या जागी जे होतं ते कुठलीही लॅब परत आणू शकत नाही, कितीही पैसे मोजले तरी. म्हणून "एकदा लावून बघू" हे तुझ्या दुकानात कोणी म्हणायचं नाही, गिऱ्हाइकाने नाही आणि तूही नाही.

झाकण उघडण्याचं तर नावच काढू नकोस. आपल्याकडचा उन्हाळा तुला माहीत आहे. सकाळी पुसलेल्या काउंटरवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. जालन्यात पोलादाच्या भट्ट्या, तुमच्याकडे रस्त्याची माती आणि जिनिंगचा कापूस. हेडखालच्या त्या अंतराच्या मानाने धुळीचा कण म्हणजे धोंडा. म्हणून लॅबवाले गाळलेल्या हवेच्या क्लीन रूममध्ये डिस्क उघडतात. व्हिडिओमध्ये पोरं टेबलावर हेड बदलताना दिसतात, ते बघून हुरूप येतो, पण ती डिस्क बहुधा भंगारातली असते आणि तिच्यात कोणाच्या मुलीचं लग्न नसतं. फ्रीजरमध्ये ठेवायचा तोडगाही कोणीतरी सांगेल. थंड डिस्क वैशाखात बाहेर काढली की आत दव धरतं. नकोच.

आता कुठली डिस्क तुझी आणि कुठली तुझी नाही, हे ओळखायचं. टकटक करणारी, घासल्यासारखा आवाज करणारी, पाण्यात गेलेली, या तिन्ही तुझ्या नाहीत. पाण्यातली तर वाळवूही नकोस. वाळताना पाण्यातला गाळ आणि क्षार चकतीवर चिकटून बसतात. ओलसर आहे तशीच पिशवीत बंद करून पाठवायची.

अजिबात न फिरणारी डिस्क वेगळी. तिच्यात पुष्कळदा फक्त सर्किट बोर्ड गेलेला असतो. १२ व्होल्टच्या मोठ्या बाहेरच्या डिस्कला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावला, किंवा लाईट गेली आणि येताना दणका देऊन आली, की बोर्डावरचा टीव्हीएस डायोड स्वतः शॉर्ट होतो आणि पुढचं वाचवतो. तो ओळखायला मल्टिमीटर पुरतो. मात्र त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून बसवला की झालं, असं समजू नकोस. अलीकडच्या बहुतेक डिस्कमध्ये त्या एकाच डिस्कसाठी कारखान्यात ठरवलेली मापं असतात आणि ती बोर्डावरच्या छोट्या रॉम चिपमध्ये भरलेली असतात. जुन्या बोर्डाची रॉम काढून नव्यावर लावावी लागते. हॉट एअरवर तुझा हात बसला की हे काम शिकवीन, तोवर असा बोर्ड माझ्याकडे पाठव. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं पोर्ट थेट बोर्डावर असतं आणि डेटा त्या बोर्डानेच कुलूपबंद केलेला असतो. जुना बोर्ड फेकलास तर किल्ली फेकलीस.

तुझं खरं काम आहे ते फिरणाऱ्या, दिसणाऱ्या, पण अडखळणाऱ्या डिस्कचं. कॉपी करताना अडकते, फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागतात, डिस्कच्या स्मार्ट तपासणीच्या तक्त्यात पेंडिंग सेक्टर वाढत चाललेत, ही ती डिस्क. इथे नवशिका दोन गोष्टी करतो. एक तर चेकडिस्क चालवतो. चेकडिस्क फाइल सिस्टिम सरळ करायला बनवलंय, तुझ्या गिऱ्हाइकाचे फोटो वाचवायला नाही. तुटकी नोंद दिसली की ते ती छाटून टाकतं. दुसरं म्हणजे, "डिस्क फॉरमॅट करायची का?" असं विंडोज विचारतं आणि तो हो म्हणतो. दोन्ही टाळ. अशी डिस्क विंडोजला जोडूच नकोस, कारण विंडोज तुला न विचारता तिच्यावर वाचत-लिहीत बसतं. लिनक्सचा पेनड्राइव्ह लाव, तिच्याएवढी किंवा मोठी रिकामी डिस्क घे, आणि डीडीरेस्क्यूने सगळ्या डिस्कची हुबेहूब इमेज काढ.

डीडीरेस्क्यूवर माझा जीव आहे. फुकट मिळतं, आणि एखाद्या जुन्या वैद्यासारखं दुखऱ्या जागेला शेवटी हात लावतं. आधी सोपा भाग पटापट वाचून बाजूला काढतं, अडलं तिथून उडी मारून पुढे जातं आणि कठीण भागाकडे नंतर वळतं. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवतं. लाईट गेली, डिस्क तापली, तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. कमांडमध्ये ती मॅपफाइल द्यायला विसरू नकोस. आणि सुरू करण्याआधी दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर वहीत लिहून पडद्याशी ताडून बघ. मूळ आणि रिकामी यांची अदलाबदल झाली तर तू स्वतः सगळं पुसशील. इमेज झाली की मूळ डिस्क पाकिटात घालून कपाटात ठेव. पुढचं सगळं काम इमेजवर. तिथे चुकलं तरी पुन्हा करता येतं.

पुसलेल्या किंवा फॉरमॅट झालेल्या डिस्कलाही हाच नियम. फाइल डिलीट केली की डेटा लगेच जात नाही, ती जागा मोकळी आहे एवढी नोंद होते. जोवर तिथे दुसरं काही लिहिलं जात नाही, तोवर आशा. म्हणून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकायचं नाही आणि मिळालेल्या फाइल तिच्यावर ठेवायच्या नाहीत. टेस्टडिस्कने हरवलेलं पार्टिशन सापडतं. फोटोरेक फाइलची सुरुवात ओळखून फोटो उचलतं, पण नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, हे गिऱ्हाइकाला आधीच सांग. एसएसडीचं गणित निराळं. तिथे ट्रिम चालू असतं, डिलीट केलेलं बहुधा लवकरच कायमचं जातं. आणि विंडोज ११ च्या लॅपटॉपवर बिटलॉकर मालकाला न कळता चालू असू शकतं. हात लावण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की कुठे आहे ते विचार.

तुझ्या स्टुडिओवाल्याला कॅमेऱ्याच्या कार्डांबद्दल विचारायला मी तुला आज सकाळी लावलं ते याचसाठी. दोन कार्डं अजून पुन्हा वापरलेली नाहीत म्हणालास. मग त्यांच्यावर आता एकही क्लिक होता कामा नये. त्यांची इमेज काढून फोटोरेक चालव, व्हिडिओचे तुकडे जुळतील की नाही सांगता येत नाही, पण फोटोंची आशा चांगली आहे. दरवेळी आधी हाच प्रश्न विचारत जा, हा डेटा डिस्कवर येण्याआधी कुठे होता? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता का, पेनड्राइव्हवर दिला होता का, सीएकडे टॅलीचा बॅकअप आहे का? कित्येकदा डिस्क उघडायची वेळच येत नाही.

धीर सुटेल तेव्हा कोलंबिया यानाची गोष्ट आठव. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते यान पृथ्वीवर परतताना तुटलं, कल्पना चावला त्यातच गेली. काही महिन्यांनी टेक्सासमध्ये कोरड्या पडलेल्या तलावाच्या तळाशी एक हार्डडिस्क सापडली, जळून काळी झालेली. तिच्यात झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाच्या नोंदी होत्या. सुमारे ४०० एमबीची ती डिस्क लॅबने उघडली, चकत्या धुऊन दुसऱ्या ड्राइव्हमध्ये बसवल्या आणि ९९ टक्के डेटा मिळवला. डिस्क साधारण अर्धीच भरलेली होती आणि चकत्यांना जिथे इजा झाली तिथे डेटा नव्हता. जुन्या डॉसने तो एकाच भागात सलग लिहिला होता, हेही उपयोगी पडलं. त्याच यानातल्या इतर दोन डिस्कमधून काहीच निघालं नाही. अवकाशातून पडलेली डिस्क वाचली याचं कारण नशीब तर होतंच, पण तिला उघडण्याचं काम लॅबनेच केलं, हेही आहे.

एक वेगळी सूचना. कोणी सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणून "चोरीचं फुटेज काढून दे" म्हणालं, तर आधी पोलिसांत तक्रार आहे का ते विचार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. तू मध्येच डिस्क उघडून काही बदललंस तर कोर्टात त्या फुटेजचं वजन कमी होईल. डीव्हीआर बंद करून ठेवायला सांग, म्हणजे जुन्यावर नवं रेकॉर्डिंग होणार नाही, आणि बाकीचं पोलिसांना करू दे.

पैशाचं बोलतो. डेटा मिळाला नाही तर तपासणीचे ठरलेले पैसे सोडून काही घ्यायचं नाही, आणि ते आकडेही आधी कागदावर. "शंभर टक्के येईल" असं कधी म्हणू नकोस. समोरचा माणूस घाबरलेला असतो, तो कुठल्याही आकड्याला हो म्हणेल, म्हणूनच तो आकडा तू जपून सांगायचा. पुण्या-मुंबईच्या लॅबचा खर्च ऐकून पुष्कळ जण डिस्क परत नेतात. नेऊ दे. आज पैसे नसले तरी शाबूत डिस्क वर्षभराने पाठवता येते. आणि आत जे दिसेल ते दुकानाबाहेर जाता कामा नये. फाइल उघडतेय एवढं तपासायला दोन-चार फोटो पुरतात, अख्खा अल्बम चाळायची गरज नाही. तालुक्याच्या गावात कोणाचे फोटो, कोणाचं कर्ज, कोणाच्या दवाखान्याचे कागद, यातलं एक जरी तुझ्या तोंडून बाहेर पडलं तरी दुकान बंद कर.

बॅकअपचं तू प्रत्येकाला सांगशीलच, ऐकतील थोडे. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरमुळे सगळीकडे पोचला. स्टुडिओवाल्यांना ते मुद्दाम सांग, त्यांच्याच धंद्यातल्या माणसाचं आहे. आणि जागतिक बॅकअप दिन ३१ मार्चला असतो, आपल्या व्यापाऱ्यांची वहीखाती संपतात त्याच दिवशी. त्या आठवड्यात मोंढ्यातल्या तुझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून टॅलीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून दे, फुकट दे.

आपल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थांचं जन्मगाव. त्यांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास लिहिलाय, एकोणिसाव्या दशकातला पहिलाच. अक्षर कसं काढावं, कागद आणि शाई कशी असावी इथपासून पोथीला बासन, मेणकापड, पेटी आणि कुलूप इथपर्यंत. शिवाय शिष्यांनी मठामठांतून नकला करून ठेवल्या. म्हणूनच शंकर श्रीकृष्ण देवांना गावोगाव हिंडून ते हस्तलिखित साहित्य धुळ्यात एकत्र आणता आलं. एकाच मठात एकच पोथी असती तर त्यांनी काय शोधलं असतं? गिऱ्हाइकाला इंग्रजी नियम पटला नाही तर हे सांग, आपल्याकडे पटतं.

आता ही डिस्क. अँटिस्टॅटिक पिशवीत घाल, चारी बाजूंनी दोन बोटं जाड स्पंज येईल अशा खोक्यात बसव, आत हलता कामा नये. कुरिअरने नको. परतूरहून रेल्वेने कोणी येत असेल त्याच्या हातात दे आणि पिशवी मांडीवर ठेवायला सांग. सोबत चिठ्ठी लिही: डिस्क पडली असेल तर कधी आणि कशावर, आवाज केव्हापासून, त्यानंतर किती वेळा लावली. शेवटचं खरं लिही, मालकाकडून आणि तुझ्याकडून दोन्ही मिळून, मी रागावणार नाही. तीन लग्नांपैकी कुठलं आधी हवं तेही स्टुडिओवाल्याला विचारून लिही, कारण अशक्त हेड किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो आणि लॅबला सुरुवात कुठून करायची ते कळलं पाहिजे. पोचली की पुण्याच्या लॅबशी मी बोलतो, खर्चाचा आकडा आला की तुला कळवतो, आणि स्टुडिओवाल्याचा होकार लेखी आल्याशिवाय डिस्क पुढे पाठवत नाही.

तुझा,
मामा