औषध आहे, मग थांबायचं कशाला?

प्रश्न : मुलगी-जावई अमेरिकेत ह्यूस्टनला असतात. मी नुकतीच सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे आले आहे. त्यांनी शेल्टरमधून तीन वर्षांचा कुत्रा आणला. कागदावर त्याचं नाव ‘बडी’, माझ्या तोंडी पहिल्या दिवसापासून बंडू. रक्त तपासलं तर त्याच्या हृदयात जंत निघाले. बंडू मात्र व्यवस्थित जेवतो, बेल वाजली की दाराकडे धावतो. डॉक्टरांनी महिनाभराच्या गोळ्या दिल्या आहेत. त्यानंतर एक महिना नुसतं थांबायचं आणि मग इंजेक्शनं. तोवर पळणं नाही, जिना नाही, चेंडू नाही. आमच्या सोलापूरला कुत्र्याला जंत झाले की एक गोळी देतात, दोन दिवसांत मोकळा होतो. इथे औषध असूनही दोन महिने का थांबवतात? दिवसभर घरी मीच असते. त्याला बांधून ठेवताना जीव तुटतो. आणि पोटातले जंत हृदयात चढले तरी कसे? नातवाला तर काही होणार नाही ना?
— एक आजी, मूळ सोलापूर, सध्या ह्यूस्टन

उत्तर : आजी, जंत हृदयात चढले कसे, हे आधी सांगते. ते कळलं की थांबण्याचं कारणही कळेल.

बंडूचे जंत पोटात कधी नव्हतेच. पोटातले जंत आतड्यात राहतात. गोळीने ते लुळे पडले की शौचावाटे बाहेर जातात आणि काम संपतं. बंडूचे जंत रक्तवाहिन्यांत आहेत आणि तिथून बाहेर पडायला वाट नाही. जंत मेला तरी तो आतच राहतो. त्याचे तुकडे रक्ताबरोबर फुप्फुसात वाहत जातात, तिथे अडकतात आणि शरीराला ते हळूहळू जिरवावे लागतात. म्हणून इथे जंत मारण्याइतकंच ते किती आणि केव्हा मरतात याकडे लक्ष ठेवावं लागतं. डॉक्टरांनी दिलेलं वेळापत्रक त्यासाठीच आहे.

डास चावल्यापासून

या जंताचं नाव डायरोफिलारिया इमिटिस. ‘इमिटिस’ म्हणजे लॅटिनमध्ये निर्दय. त्याची पिल्लं आजारी कुत्र्याच्या रक्तात फिरत असतात. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. डास त्या कुत्र्याला चावला की रक्ताबरोबर ती डासाच्या पोटात जातात. हवा २७ अंशांच्या आसपास असेल तर दहा ते चौदा दिवसांत त्यांची वाढ होऊन ती डासाच्या सोंडेपाशी येतात. तापमान १४ अंशांखाली गेलं की ही वाढ थांबते. ह्यूस्टन मेक्सिकोच्या आखाताजवळ, दमट आणि उबदार. तिथे डासांना वर्षातला बराच काळ अनुकूल असतो, म्हणून त्या पट्ट्यात हा आजार फार. २००५ साली कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या परिसरातून सोडवलेल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं, तेव्हा जवळपास निम्म्या कुत्र्यांत हे जंत सापडले होते. पुढे त्यांतले कितीतरी कुत्रे अमेरिकेच्या दुसऱ्या भागांतल्या घरांत गेले.

असा डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की अळ्या कातडीवर उतरतात आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरतात. दोनेक महिने त्या कातडीखाली आणि स्नायूंत राहून दोनदा कात टाकतात. मग शिरेत शिरून हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या धमन्यांत पोचतात. तेव्हा त्या दोन ते चार सेंटीमीटरच्या असतात. तिथे वाढता वाढता मादी २५ ते ३० सेंटीमीटर होते, नर त्याच्या जवळपास निम्मा. दिसायला उकडलेल्या शेवईसारखे, पांढरे आणि बारीक. चाव्यापासून सहा-सात महिन्यांनी मादी रक्तात पिल्लं सोडू लागते. असा जंत पाच ते सात वर्षं जगतो.

त्यांना हृदयातले जंत म्हणत असले तरी त्यांचं मुख्य ठिकाण फुप्फुसाच्या धमन्या. जंत घासत राहिल्याने धमनीचं आतलं अस्तर खडबडीत आणि जाड होतं, तिची लवचीकता जाते. मग तेवढंच रक्त ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. कुत्रा आधी खोकू लागतो, लवकर दमतो, वजन उतरतं. पुढे चक्कर येऊन पडतो, पोटात पाणी होतं. जंत फार झाले तर ते मागे सरून हृदयात आणि मोठ्या शिरेत गर्दी करतात. कुत्रा एकाएकी कोसळतो, लघवी गडद तांबूस होते. अशा वेळी मानेतल्या शिरेतून चिमटा घालून जंत काढावे लागतात.

बंडू ठणठणीत दिसतो, कारण फुप्फुसाची क्षमता मोठी असते आणि घरातल्या घरात फिरायला त्यातली थोडीच लागते. त्रास दिसण्याआधी आजार सापडला, हे त्याचं भाग्य.

रक्तात काय पाहिलं

पहिल्या चाचणीला रक्ताचे काही थेंब पुरतात. मादी जंताच्या शरीरातून रक्तात येणारं एक प्रथिन ती शोधते. उत्तर काही मिनिटांत मिळतं. पण जंत पुरेसे वाढलेले नसतील तर हे प्रथिन सापडत नाही. डास चावल्यापासून पाच-सहा महिने तरी जावे लागतात. म्हणून कुत्र्याच्या अगदी लहान पिल्लांची ही चाचणी करत नाहीत. नुसते नर जंत असतील तरी ती निर्दोष दिसू शकते. म्हणून जिथे हा आजार आहे तिथे दरवर्षी चाचणी करतात.

दुसरी तपासणी सूक्ष्मदर्शकाखालची. एक मिलिलिटर रक्त नऊ मिलिलिटर पातळ फॉर्मेलिनमध्ये मिसळून यंत्रात फिरवतात, तळाशी बसलेल्या साक्याला निळा रंग देतात आणि त्यात पिल्लं शोधतात. सोलापूरकडे हत्तीरोगासाठी रात्री घरी येऊन बोटातून रक्त घेणारे आरोग्यसेवक तुम्ही पाहिले असतील. तेही रक्तातली अशीच पिल्लं शोधतात. हत्तीरोगाचा जंत या जंताच्या गणगोतातला आणि त्यालाही डासच नेतो. ही तपासणी औषधासाठीही महत्त्वाची. रक्तात पिल्लं खूप असतील आणि ती औषधाने एकदम मेली तर कुत्र्याला धक्का बसू शकतो. म्हणून पहिल्या डोसच्या दिवशी त्याच्यावर नजर ठेवतात.

नंतर छातीच्या एक्स-रेत धमन्या किती फुगल्या आहेत ते पाहतात. सोनोग्राफीत कधी कधी जंत प्रत्यक्ष दिसतात. बरोबरच्या चिन्हासारख्या दोन समांतर पांढऱ्या रेघा दिसल्या की तो जंत.

दोन महिने कशासाठी

मोठे जंत मारणारं औषध आहे मेलार्सोमिन. ते सोमलाचं संयुग आहे. म्हणजे ते जपून वापरायचं औषध. कमरेच्या स्नायूत खोल टोचतात आणि ती जागा काही दिवस दुखते. ते देण्याआधी दोन कामं उरकावी लागतात आणि तिसरं ते देतानाच करायचं असतं.

पहिलं काम, नवीन जंत थांबवणं. दर महिन्याचं प्रतिबंधक औषध दोन महिन्यांपर्यंतच्या अळ्या मारतं. मेलार्सोमिनचा भरवसा वाढलेल्या जंतांवर. मधल्या वयाचे जंत दोन्हींतून निसटू शकतात. प्रतिबंधक औषध पहिल्या दिवशी सुरू करून दोन महिने थांबलं की नवे जंत तयार होत नाहीत आणि मधले मोठे होऊन मेलार्सोमिनच्या तावडीत येतात.

दुसरं काम बंडूच्या गोळ्यांचं. त्या बहुधा डॉक्सिसायक्लिनच्या असतील. आता तुम्ही म्हणाल, जंतावर अँटिबायोटिक कसं? या जंताच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. जंताची वाढ आणि प्रजनन त्यांच्या आधाराने चालतं. जंत मरून फुटला की ते कुत्र्याच्या रक्तात सांडतात आणि दाह भडकवतात. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन दिलं की हे जिवाणू फार कमी होतात आणि जंतही खंगतात. पुढच्या महिन्यात मेलेल्या जिवाणूंचे अवशेष शरीर साफ करतं. तुम्हाला रिकामा वाटणारा महिना तो हाच.

आजी, एक विनंती. ती गोळी दूध-पोळीत कुस्करून देऊ नका. दुधातल्या कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं. पण उपाशीपोटीही नको, उलटी होते. जेवणाबरोबर द्या.

तिसरं काम, जंत टप्प्याटप्प्याने मारणं. म्हणून एक इंजेक्शन साधारण साठाव्या दिवशी, मग महिनाभर थांबून लागोपाठ दोन दिवस दोन इंजेक्शनं. पहिल्याने काही जंत मरतात, शरीर ते जिरवतं, मग उरलेल्यांची पाळी. सगळे एकदम मारले तर तुकड्यांचा लोंढा फुप्फुसात जाईल. अशा तीन इंजेक्शनांनी ९८ टक्क्यांच्या आसपास जंत जातात. सोबत दाह कमी ठेवायला स्टेरॉइडच्या गोळ्या देतात आणि मात्रा हळूहळू उतरवतात.

बांधून ठेवण्याबद्दल

कुत्रा धावला की फुप्फुसाकडे जास्त रक्त जातं. तिथल्या धमन्या मेलेल्या जंतांनी आणि गुठळ्यांनी अडल्या असतील तर त्या वाढत्या रक्ताला वाट मिळत नाही. फुप्फुसाचा तो भाग दुखावतो. इंजेक्शननंतर सात ते दहा दिवसांच्या सुमारास हे जास्त घडतं, पण चार आठवड्यांपर्यंत धोका राहतो. शेवटच्या इंजेक्शननंतरही सहा ते आठ आठवडे शांतता हवी. आजपासून मोजलं तर हे पाच महिन्यांच्या आसपास होतं. या पाच महिन्यांत बंडूसाठी जे करायचं त्यातलं बरंचसं तुमच्या हातात आहे.

अंगणातही पट्टा सोडू नका, नुसतं लघवी-शौचापुरतं न्या. पायऱ्या असतील तर जावईबापूंना त्याला उचलून घ्यायला सांगा. बेल वाजली की तो धावतो म्हणता, तर बेल काही महिने बंद ठेवा. चेंडूऐवजी डोक्याचे खेळ द्या. जुन्या टॉवेलच्या घडीत त्याच्या खाण्यातलेच चार दाणे लपवा आणि शोधू द्या. ‘बस’, ‘थांब’ शिकवा, मराठीतूनच शिकवा. केस विंचरा. तुम्ही भाजी निवडायला बसाल तिथे त्याचं अंथरूण ओढून घ्या. कुत्र्याला एकट्याने बांधून राहणं कठीण जातं, तुमच्या पायाशी बांधलेला बंडू झोपेल. हालचाल कमी म्हणून खाणंही थोडं कमी करा, वजन वाढू देऊ नका.

खोकला वाढला, खोकल्यातून रक्त आलं, धाप लागली, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, ताप आला किंवा त्याने जेवण सोडलं, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

नातवाला, शेजाऱ्यांना आणि सोलापूरच्या कुत्र्यांना

बंडूने नातवाला चाटलं, कुशीत घेतलं तरी हा जंत जात नाही. मध्ये डास आणि डासाच्या पोटातले दोन आठवडे लागतातच. डासामार्फत अळी माणसात आलीच तर तिची वाढ पुरी होत नाही. ती मरते आणि क्वचित फुप्फुसाच्या एक्स-रेत नाण्याएवढा डाग दिसतो. शेजारच्या कुत्र्यांना मात्र धोका आहे, कारण बंडूच्या रक्तातली पिल्लं डास उचलू शकतात. म्हणून त्याला डासांपासून जपा. मांजरांनाही हा जंत होतो आणि त्यांना मेलार्सोमिन देत नाहीत, म्हणून घरात मांजर असेल तर तिला प्रतिबंधक औषध द्यायलाच हवं.

आपल्याकडे हा जंत मुख्यतः ईशान्येत, आसाम-मिझोरामच्या बाजूला आढळतो. सैन्यातली किंवा बदलीची नोकरी करणारी कितीतरी मराठी कुटुंबं कुत्रा घेऊन तिकडून परततात. त्यांनी आल्यावर एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी. मुंबई आणि केरळमध्ये त्याचा भाऊबंद, डायरोफिलारिया रिपेन्स, सापडतो. तो कातडीखाली राहतो आणि कधीमधी माणसाच्या कातडीखाली किंवा डोळ्यातही निघतो.

प्रतिबंधाच्या औषधांतलं प्रमुख नाव आयव्हरमेक्टिन. ज्या जिवाणूपासून ते आलं, तो सातोशी ओमुरा यांना जपानमधल्या कावाना इथल्या मातीत सापडला. त्यावर काम करणाऱ्या विल्यम कॅम्पबेल यांना आणि ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं. कुत्र्यांसाठी त्याची महिन्याची गोळी १९८७ पासून अमेरिकेत आहे आणि हेच औषध हत्तीरोगाच्या मोहिमेत माणसांनाही देतात. गाई-म्हशींसाठीचं तीव्र इंजेक्शन मात्र अंदाजाने कुत्र्याला कधी देऊ नये, काही जातींच्या ते जिवावर बेततं. महिन्याची गोळी येणाऱ्या महिन्यासाठी नसते, गेल्या महिन्यात शिरलेल्या अळ्या ती मारते. दोन-तीन महिने चुकली तर मधल्या अळ्या तिच्या आवाक्याबाहेर वाढतात. बंडूच्या बाबतीत शेल्टरमध्ये येण्याआधी असंच काही झालं असावं.

शेवटच्या इंजेक्शननंतर नऊ महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतील. ती चाचणी निर्दोष आली की बंडू बरा झाला असं समजायचं. तेव्हा तुम्ही सोलापूरला परतलेल्या असाल. मुलीला सांगून ठेवा, निकाल आधी आजीला कळवायचा. आणि त्यानंतर तो पहिल्यांदा अंगणभर धावेल, त्याचा व्हिडिओ पाठवायला सांगा.