बदली खेळाडूचा नियम आणि मुलांचा खेळ



बदली खेळाडूचा नियम मुळात दोन कारणांसाठी आहे. दुखापत झालेल्याला वेळीच बाहेर काढता यावे आणि बाहेर बसलेल्यालाही खेळायला मिळावे. डावपेच हा त्याचा तिसरा उपयोग. मोठ्यांच्या सामन्यांत तिसराच पहिला होऊन बसतो. किशोर गटाचा संघ हाती घेणाऱ्या प्रशिक्षकाने हा क्रम उलटू देता कामा नये.

कबड्डीत सात जण मैदानात उतरतात आणि राखीव खेळाडू बाहेर बसतात. पंचांच्या परवानगीने, विश्रांतीच्या वेळी किंवा मध्यंतरात बदल करता येतो. बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आतही घेता येतो. म्हणजे नियम मुलांच्या बाजूचाच आहे. एकदा बाहेर गेला की दिवस संपला, असे इथे नाही. बंधने दोन. बाद होऊन बसलेल्याच्या जागी दुसरा पाठवता येत नाही, आणि गैरवर्तनामुळे पंचांनी सामन्याबाहेर काढलेल्याच्या जागीही नाही. पहिल्या बंधनामागे कबड्डीचे मर्मच आहे. संजीवनी, गामिनी आणि अमर हे या खेळाचे जुने प्रकार. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला गडी उठतो. गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाद गडी बाहेरच राहतो. अमरमध्ये गुण दिला जातो, पण गडी आतच खेळत राहतो. आजची कबड्डी संजीवनीच्या वळणाची आहे. बाद गडी परत मिळवायचा तो चढाईने नाहीतर पकडीने. त्याच्या जागी ताजा गडी उतरवता आला असता, तर पकडीला अर्थच उरला नसता. दुसऱ्या बंधनाने एकाच्या बेशिस्तीची किंमत सगळ्या संघाला मोजावी लागते, आणि ते योग्यच आहे.

या नियमाचा सर्वांत खोल विचार रग्बीत झाला आहे, आणि त्याची सर्वांत लाजिरवाणी पायमल्लीही तिथेच झाली. मुंबईत बॉम्बे जिमखान्यामुळे हा खेळ जुना आहे, पण कोकणातल्या मुलांना तो फारसा ठाऊक नाही. तरी कबड्डीच्या प्रशिक्षकाने त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पंधरा जणांच्या रग्बीत डावपेचासाठी बाहेर काढलेला खेळाडू एरवी परत येऊ शकत नाही. तो येतो ते ठरावीक कारणांसाठी, त्यांतले एक म्हणजे सहकाऱ्याचे रक्त वाहणे. 12 एप्रिल 2009 रोजी लंडनमध्ये हार्लेक्विन्स आणि लेन्स्टर या संघांत हायनेकेन कपचा उपांत्यपूर्व सामना होता. हार्लेक्विन्स एका गुणाने मागे होते आणि त्यांचा गोलवर लाथ मारणारा निष्णात खेळाडू निक इव्हान्स आधीच बाहेर गेला होता. त्याला परत आणण्यासाठी सहकारी टॉम विल्यम्सने तोंडात खोट्या रक्ताची गोळी फोडली. संशय आल्यावर ते लपवण्यासाठी ड्रेसिंग रूममध्ये त्याचा ओठ खरोखर कापण्यात आला. इतके करूनही लेन्स्टर 6-5 असे जिंकले. हार्लेक्विन्सचे प्रशिक्षक डीन रिचर्ड्स यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली, क्लबला मोठा दंड झाला. या प्रकरणात सर्वांत मोठा दोष खेळाडूचा नव्हता. जखमी होण्याचे नाटक कर असे ज्याला सांगितले जाते, त्याला नाही म्हणण्याची जागा फार थोडी असते. चौदा वर्षांच्या मुलाला तर ती मुळीच नसते.

याच्या उलट अन्याय अधिक नेहमीचा आहे आणि अधिक धोक्याचा: खरोखर लागलेल्याला आत ठेवणे. 2011 साली उत्तर आयर्लंडमध्ये शाळेच्या रग्बी सामन्यात डोक्याला मार लागूनही खेळत राहिलेला चौदा वर्षांचा मुलगा दगावला. पहिल्या माराने मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला, असे चौकशीत निष्पन्न झाले. आज मुलांच्या रग्बीत मेंदूला धक्का बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडू त्या सामन्यातून कायमचा बाहेर जातो. तपासून परत पाठवण्याची सोय तिथे ठेवलेलीच नाही. कबड्डीत घोट्याची पकड करायला वाकलेल्या कोपरारक्षकाच्या कानशिलावर चढाईपटूचा गुडघा आदळणे नवीन नाही. असा मुलगा भांबावलेला दिसला, तेच तेच विचारू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर गुणफलक न बघता त्याला बाहेर घ्यावे आणि डॉक्टरांनी बघेपर्यंत सरावालाही बोलावू नये. ‘मला काही झालं नाही’ हे त्याचे बोलणे अशा वेळी प्रमाण मानायचे नसते. कोकणातल्या अंजनवेलसारख्या जांभ्याच्या भागात मैदानाची माती नीट मऊ केलेली नसली, तर पडण्याचा मार दुप्पट लागतो. मैदान आखण्याआधी खडे वेचणे हाही प्रशिक्षकाच्याच कामाचा भाग आहे.

बाहेर बसलेल्यांबद्दल इंग्लंडच्या रग्बी संघटनेने मुलांसाठी साधा दंडक घातला आहे: संघात निवडलेल्या प्रत्येकाला निदान अर्धा सामना खेळायला मिळालाच पाहिजे. कबड्डीच्या नियमात असे बंधन नाही, पण पाळायला आडकाठीही नाही. कोण किती वेळ खेळला हे वहीत टिपून ठेवावे. आठवणीवर विसंबले की चांगला चढाईपटूच पुन्हा पुन्हा आत जातो. अंतिम सामन्यात सर्वांना सारखा वेळ देणे जमेलच असे नाही, पण साखळी सामन्यांत सबब चालणार नाही. ज्याला कधीच उतरवायचे नाही त्याला संघात घेऊन गावोगाव नेणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

वजन आणि वयाच्या अटी याच प्रश्नाची दुसरी बाजू आहेत. किशोर गटाला सोळा वर्षांची आणि 55 किलोंची मर्यादा आहे, ती लहान चणीच्या मुलांना मोठ्यांपासून वाचवण्यासाठी. वजनाआधी मुलाला उपाशी ठेवणे, पाणी तोडणे किंवा खोटा जन्मदाखला पुढे करणे म्हणजे त्या संरक्षणालाच भगदाड पाडणे. चक्कर येत असलेला मुलगा पकडीत सापडला की त्याला लागते, आणि त्याची जागा ज्याच्याकडून हिरावलेली असते तो प्रामाणिक वजनाचा मुलगा बाहेरच बसून राहतो. असा प्रकार शेजारच्या संघात दिसला, तर सामना सुरू होण्याआधी पंचांकडे लेखी तक्रार द्यावी. आपल्याच संघात दिसला, तर त्या मुलाला त्या स्पर्धेत उतरवू नये, मग सामना सहा जणांनी खेळावा लागला तरी चालेल.