दुभत्या जनावरांतील दुग्धज्वर

भरपूर दूध देणारी गाय अथवा म्हैस व्याल्यानंतर पहिल्या तीन दिवसांत एकाएकी बसते व उठू शकत नाही, तेव्हा बहुधा तो दुग्धज्वर असतो. नावात ज्वर असला तरी या रोगात ताप नसतो. उलट कान व अंग गार पडते. तिसऱ्या वेतापासून पुढे हा रोग अधिक आढळतो. उपचारास विलंब झाल्यास जनावर काही तासांत दगावू शकते.

लक्षणे : आरंभी अंग थरथरते व चालताना मागील पाय लटपटतात. नंतर जनावर मान कुशीकडे वळवून बसते, रवंथ व शेण थांबते. अखेरीस ते आडवे पडते व शुद्ध हरपते.

कारण : निरोगी गाईच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ९ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, या रोगात ते ५ मिलिग्रॅमच्या आसपास अथवा त्याखाली उतरते. गाईच्या सर्व रक्तात मिळून ३ ग्रॅमच्या आसपासच कॅल्शियम असते. परंतु १० लिटर चिकातून सुमारे २० ग्रॅम निघून जाते. ही तूट हाडांतील साठ्यातून व चाऱ्यातून भरून निघावयास हवी. कोठार भरलेले असते, पण ते वेळेवर उघडत नाही, हेच या रोगाचे मूळ होय. ते उघडण्याचे काम गळ्यातील परावटू ग्रंथी करते. गाभणपणाच्या अखेरीस आहारातून गरजेहून अधिक कॅल्शियम मिळत राहिल्यास ही ग्रंथी सुस्तावते. मॅग्नेशियमची उणीव असल्यासही तिचे कार्य मंदावते.

उपचार : पशुवैद्यकास त्वरित बोलवावे. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून अतिशय सावकाश द्यावे लागते. घाईने दिल्यास हृदय बंद पडण्याचा धोका असतो. म्हणून हे काम इतरांनी करू नये. तोपर्यंत जनावरास दोन्ही बाजूंनी गवताच्या पेंढ्यांचा आधार देऊन छातीवर बसते ठेवावे. गिळण्याची शक्ती मंदावलेली असल्याने तोंडावाटे औषध अथवा पाणी पाजू नये. ते फुप्फुसात शिरते.

प्रतिबंध : गाभण जनावरास कॅल्शियम जितके अधिक तितके चांगले, ही समजूत चुकीची आहे. विण्यापूर्वी शेवटचे दोन-तीन आठवडे लसूणघास व चुनखडी कमी करावी; व्याल्यानंतर मात्र कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रण नियमित द्यावे. ज्या जनावरास पूर्वी हा रोग झाला असेल, त्याची कास पहिले दोन दिवस पूर्ण रिकामी करू नये. मात्र वासरास पुरेसा चीक अवश्य पाजावा. अशा जनावराच्या विण्याची अपेक्षित तारीख ग्रामसेवकांनी टिपून ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यास आधीच कळविल्यास मदत वेळेवर पोहोचेल.